फेडीची नोंद

तो बुधवार होता, आणि बुधवारी आमच्या घरात जे जे व्हायचं ते सगळं त्या दिवशी झालं. मी बाबांच्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या, त्यांनी त्या परत स्वतः पुसल्या. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर मूळच्या घड्यांवर नीट दुमडून ठेवलं. डबा घेतला आणि ते साडेनऊला घराबाहेर पडले, निवृत्त होऊन चार वर्षं झालीच नसावीत तसे.

कोर्टाचं जुनं रेकॉर्ड नव्या इमारतीत हलवायचं काम निघालं होतं. चाळीस वर्षांचे गठ्ठे कुठल्या मांडणीवर कुठल्या क्रमाने आहेत, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते बाबांच्या डोक्यात होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांची सूची करणाऱ्या माणसाने स्वतःच्या मांडण्यांची सूची केली नव्हती, याची कचेरीत थट्टा व्हायची. त्यांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्या जागी आलेल्या बाई घरी येऊन म्हणाल्या होत्या, साहेब, महिनाभर याल का? मानधनाचं विचारलं तर बाबा म्हणाले, दोन वेळा चहा द्या, तिसऱ्यांदा विचारू नका.

कचेरीत त्यांना पाठीमागे 'अनुक्रमणिका' म्हणत. घरीही काही वेगळं नव्हतं. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचे नियम आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. हुकूमनामा कायम. त्याच्या वसुलीची दरखास्त बारा वर्षं. खिडकीवरची आवक वही दहा. किरकोळ पत्रव्यवहार तीन. आई म्हणायची, मला कुठल्या वर्गात टाकलंय तेवढं एकदा सांगून ठेवा. बाबा घास गिळून गंभीरपणे म्हणायचे, कायम. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या बरण्या अजून तिने लावलेल्या क्रमानेच होत्या.

साडेपाचला ते परत आले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बाह्यांवरची धूळ झटकत होते. मी आत ताटं पुसत होते. दार उघडं असलं की आम्ही असेच बोलायचो, एकमेकांकडे न पाहता.

ते म्हणाले, आज काकाच्या वर्षाचा गठ्ठा काढला. कुणीतरी जुन्या हुकूमनाम्याची नक्कल मागितली होती, बाईंना गठ्ठा सापडेना. मी हात घातला आणि दिला काढून.

"उघडला?" मी विचारलं.

"मी कसा उघडीन? आपल्या माणसाचं प्रकरण आहे त्यात. बाईंच्या हातात दिला आणि जाऊन खिडकीशी उभा राहिलो." मग खुर्ची सरकवत म्हणाले, "आणि उघडून पाहायचंय काय? फेडीची नोंद केव्हाच झालेली आहे. तू अर्ज दिलास ना."

तो प्रश्न नव्हता. तारीख सांगावी तसं ते बोलले होते. मी हातातलं ताट पुसलं, दुसरं घेतलं आणि म्हणाले, "हो."

*

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट इथे पुन्हा सांगायला हवी, कारण आमच्या घरात ती प्रत्येकाला वेगळी माहीत होती.

काका बुकबाइंडर. कागदवाल्यांकडून उधारीवर कागद आणि पुठ्ठा घेत आला, एक वर्ष काम बसलं, थकबाकी राहिली. कागदवाले कोर्टात गेले आणि त्यांच्या बाजूने हुकूमनामा झाला. काकाने मग वर्षभरात सगळी रक्कम फेडली. काकूच्या बांगड्या त्यात गेल्या. कागदवाले तसे सरळ माणूस होते. शेवटचा हप्ता मिळाल्यावर त्यांनी काकाला पावती दिली आणि कोर्टाच्या नावे स्वतःच्या सहीचं एक पत्रही दिलं: आमची रक्कम पूर्ण पावली, तशी नोंद व्हावी. ते पत्र अर्जाला जोडून महिन्याच्या आत कोर्टाच्या खिडकीवर द्यायचं होतं. तसं केलं की हुकूमनाम्यावर तांबड्या शाईने फेडीची नोंद होते आणि तो कागद मेला असं समजतात. नाही केलं, तर पैसे दिले असले तरी कोर्टापुरते ते दिलेले नसतात.

काकाने अर्ज आणि पत्र बाबांपुढे ठेवलं. सख्खा भाऊ रेकॉर्डकीपर. याहून सोपं काय?

बाबांनी हात लावला नाही. म्हणाले, खिडकीतून आलेला, शिक्का पडलेला कागद मी आत ठेवतो. माझ्या पिशवीतून आलेला कागद मी आत ठेवत नाही, तो कुणाचाही असो. काका तिथल्या तिथे उठला. कागद टेबलावरच राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते माझ्याकडे दिले. म्हणाले, तू दे खिडकीवर. तू काही माझ्या कचेरीतली नाहीस.

मी चोवीस वर्षांची होते. खिडकीपुढे लांब रांग होती आणि कोर्टासमोरच वाचनालय होतं. तासाभराने येऊ, रांग कमी होईल, म्हणून मी तिथे जाऊन बसले. एका कादंबरीची शेवटची ऐंशी पानं उरली होती. डोकं वर केलं तेव्हा साडेचार वाजले होते, आणि खिडकी चारला बंद होते हे मला आमच्या घरात न शिकवता येत होतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, दिलास? मी दिला म्हणाले. सकाळी उठून पहिलं तेच करणार होते, म्हणून ते खोटं आहे असंही वाटलं नाही. बाबांनी पोच कुठाय विचारलं, तर खिडकीवरचे उद्या देतो म्हणाले, असं मी सांगितलं. त्याच रात्री परगावाहून नोकरीचं बोलावणं आलं आणि सकाळच्या गाडीने मी गेले. पत्र सापडलं ते बॅगेच्या आतल्या कप्प्यात, सात आठवड्यांनी. मुदत तीस दिवसांची. मी ते फाडलं. बारीक फाडलं.

पोच भावाकडे आहे असं काका समजत राहिला. भावाहून ती जास्त नीट कुणाकडे राहणार? काकाची पोच काकाकडेच असेल असं बाबा समजत राहिले. त्या दुपारनंतर दोघं भाऊ सहा महिने बोलत नव्हते, आणि बोलायला लागले तेव्हा तो विषय कुणी काढला नाही.

*

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबा गेले. दोन मांडण्यांच्या मध्ये स्टुलावर बसून गठ्ठ्याची गाठ बांधत होते. बाई दोनदा जवळून गेल्या. ते मोजतायत असं वाटून त्या बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी इथे लिहीत नाही. दादा त्याचं औषधाचं दुकान बंद ठेवून येऊन राहिला. काका रोज यायचा, बाबांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसायचा आणि जायचा. एकदा फक्त म्हणाला, लहानपणी हा माझी दप्तरं लावून द्यायचा, मी विस्कटायचो, मग हा परत लावायचा. असं म्हणून बाबांच्या टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या आणि घरी गेला.

अठरा दिवसांनी, सोमवारी, काकाच्या कारखान्यात बेलिफ आला. कारखाना म्हणजे खाली एक लांब खोली, दोन बाया शिवणकामाला, एक कटिंग मशीन, एक दाबयंत्र. वर दोन खोल्या, तिथे काका-काकू राहतात. हे सगळं मला काकाने नंतर सांगितलं, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा तेच शब्द वापरले.

बेलिफ बाबांना पोचवायला आला होता. म्हणून काकाला वाटलं भेटायला आलाय, आणि त्याने स्टूल पुढे केलं. बेलिफ बसला नाही. चपला बाहेर काढून आला होता. त्याने पिशवीतून कागद काढला आणि काकाकडे न बघता वाचला. कागदवाले तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या जावयाला जुन्या कागदांत हुकूमनामा सापडला, आणि वसुलीची बारा वर्षांची मुदत संपायला पाच दिवस असताना त्याने वसुलीची दरखास्त दाखल केली होती. मूळ रक्कम, त्यावर बारा वर्षांचं व्याज आणि खर्च. न भरल्यास सामानाची जप्ती, मग जागेचा लिलाव.

काका हसला. खरोखर हसू आलं, तो म्हणाला. हे फेडलंय हो, अकरा वर्षं झाली.

बेलिफ म्हणाला, फेडलं असेल. पण हुकूमनाम्यावर तशी नोंद नाही.

काका वर जाऊन पावती घेऊन आला. बेलिफने ती दोन्ही हातांनी धरून वाचली आणि तशीच दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाला, ही त्यांची पावती आहे, कोर्टाची नाही. मग तो यादी करायला लागला. कटिंग मशीन एक. दाबयंत्र एक. सुया, दोरा, पत्रे, किरकोळ. शिवणाऱ्या बायांनी हातातलं काम तसंच मांडीवर धरून ठेवलं होतं. काकाने चहा विचारला. तो म्हणाला, आज नको. जाता जाता दाराशी थांबून म्हणाला, साहेब असते तर, आणि चपला घालून गेला.

काका मशीनपाशी उभा राहिला. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते मशीनचं नव्हतं. भावाने नोंद केली नाही, हे आलं. मग, का केली नाही? मग, माझ्यावर रागावला होता म्हणून? अठरा दिवस तो भावासाठी रडला होता, आणि आता ते रडणं कुठे ठेवायचं ते त्याला कळेना.

*

रविवारी दुपारी आम्ही काकाच्या वरच्या खोलीत बसलो. काका, काकू, दादा, मी आणि वकीलबाई. खाली मशीन बंद होतं. त्या घरात मशीनचा आवाज नसला की बोलणं मोठं वाटतं, म्हणून सगळेच हळू बोलत होते.

वकीलबाई चाळिशीच्या. नव्या होत्या तेव्हा गठ्ठ्याची गाठ कशी सोडायची आणि तशीच परत कशी बांधायची हे बाबांनी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी चौकशी करून आणली होती. जावयाने दरखास्तीला हुकूमनाम्याची नक्कल जोडली होती. नक्कल ज्या दिवशी दिली ती तारीख त्यांनी वाचून दाखवली. तो बुधवार होता.

तो गठ्ठा बाबांनीच काढून दिला होता. हे त्या खोलीत फक्त मला कळलं. आपल्या हाताने गठ्ठा कचेरीतल्या बाईंना देऊन ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, बाहेर पाहत, आणि त्यांच्या पाठीमागे बाईंनी त्यांच्या भावाचं पान उघडलं.

दादाने पेला खाली ठेवला. म्हणाला, माझ्या दुकानात तारीख उलटली की औषध फेकून देतो. कोर्टात तारीख उलटायच्या पाच दिवस आधी कागदाच्या अंगात विष येतं. वकीलबाई जराशा हसल्या. काकू हसली नाही.

काकूचं मन मला नेहमी कळतं, कारण ती ते हातांनी बोलते. ती मघापासून पदराचं टोक गुंडाळत आणि सोडत होती. तिने आमच्या आईचं शेवटचं आजारपण काढलं, बाबांना दर रविवारी जेवायला वाढलं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट तशीच ठेवली होती. आता ती वर आली. म्हणाली, माझ्या बांगड्या गेल्या त्याचं मला काही नाही. एक कागद आत न्यायचा होता. रोज डबा नेत होते, छत्री नेत होते. एक कागद जड झाला.

दादा ताडकन म्हणाला, काकू, बाबांबद्दल बोलू नकोस. पैसे कुणी थकवले होते?

"मी थकवले होते," काका म्हणाला. "आणि मीच फेडले. तुझ्या बाबांना फक्त लिहायचं होतं."

मग बराच वेळ बोलणं तिथल्या तिथेच फिरत राहिलं. दादा म्हणाला बाबा नोंद चुकवणं शक्य नाही. काका म्हणाला, मग माझा कागद गेला कुठे? दादा काकाच्या जुन्या उधाऱ्यांवर घसरला, आणि काकू त्याच्या दुकानाला बाबांनी दिलेल्या पैशांवर. मी मध्ये पाणी आणून ठेवलं. कुणी घेतलं नाही.

वकीलबाईंनी सगळ्यांना संपू दिलं. मग फाइलवर हात ठेवून म्हणाल्या, वाटा तीन आहेत. एक, भरून टाकायचं. काकू म्हणाली, कुठून. दोन, पावती हाती घेऊन जावयावर वेगळा दावा लावायचा. त्याला वर्षं लागतील, आणि तोवर लिलाव थांबेल याची खात्री नाही. तीन, अर्ज मुदतीत दिला होता आणि तो कोर्टातच गहाळ झाला, असं दाखवायचं. कोर्टाची चूक पक्षकाराच्या माथी मारत नाहीत. हे मान्य झालं तर दरखास्त तिथेच पडते.

दादाने विचारलं, दाखवणार कशावरून?

"आवक वही असती तर प्रश्नच नव्हता," वकीलबाई म्हणाल्या. "पण ती दहा वर्षंच ठेवतात. त्या वर्षाची वही गेल्या वर्षी लगद्याला गेली. म्हणजे दिला हे वहीवरून दाखवता येणार नाही, आणि नाही दिला हेही कुणाला दाखवता येणार नाही. राहिला माणसाचा शब्द." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचे दादा सांगत होते, खिडकीवर तुम्ही गेला होतात ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकू तर सरकून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचे हात स्थिर होते.

मी काहीच बोलले नाही. ते त्यांनी हो धरलं. आमच्या घरात मी कमी बोलते हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कौतुकही आहे.

वकीलबाईंनी मसुदा करूनच आणला होता. एक पान. अमुक तारखेला मी स्वतः खिडकीवर अर्ज व सोबतचं पत्र दिलं. पोच दुसऱ्या दिवशी मिळेल असं सांगण्यात आलं. त्यानंतर मी परगावी गेले. खाली सहीची जागा. मी ते वाचलं. अकरा वर्षांपूर्वी बाबांना जे सांगितलं होतं तेच होतं, फक्त टाइप केलेलं. नवं खोटं एकही नव्हतं.

"एक सांगते," वकीलबाई म्हणाल्या. त्या फाइलची दोरी नखाने सरळ करत होत्या. "जावयाचा वकील विचारेल, खिडकीवरून कागद गेला कुठे. तो रेकॉर्डमध्ये जातो. त्या वेळी रेकॉर्डकीपर कोण होतं, ते निघेल. नातंही निघेल. निष्काळजीपणा म्हणतील, कदाचित जाणूनबुजून म्हणतील. साहेबांचं नाव निकालपत्रात येईल. मला ते लिहिताना बरं वाटलं नाही, पण दुसरा मार्ग दिसला नाही."

आणि निकालपत्र कायम ठेवतात. ते त्यांनी म्हटलं नाही. त्या खोलीत ते म्हणायची गरज कुणालाच नव्हती.

दादा उठून खिडकीपाशी गेला. त्याची पाठ बाबांसारखी आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. इतका वेळ जो बाबांच्या बाजूने भांडत होता तोच आता, बाहेर पाहत, तुटक तुटक बोलू लागला. बाबा गेले. त्यांना आता कुणी मेमो देणार नाही. काकू-काकांना राहायला हेच घर आहे. बाबा स्वतः असते तर म्हणाले असते, टाका माझ्यावर. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, कर सही.

काकू म्हणाली, तुझे उपकार विसरणार नाही बाळा. दादाला म्हणाली की मला, कळलं नाही. मघाशी एकमेकांची लक्तरं काढणारे ते दोघं आता एका बाजूला होते, आणि मला वाटलं झालं, आता फक्त नाव लिहायचं. वकीलबाईंनी पेन माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.

काका पलंगाच्या कडेवर बसला होता, अंगठ्याने बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडत. डोकं खाली घालूनच त्याने विचारलं,

"म्हणजे कोर्टात असं म्हणायचं, की माझा कागद माझ्या भावाने हरवला."

"म्हणायचं नाही," दादा म्हणाला. "तसा अर्थ निघेल."

"अर्थच टिकतो रे." काका थांबला. सहा दिवस तो भावावर जळत होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसलं होतं. जेवत नव्हता. बाबांच्या खुर्चीशेजारी येऊन बसायचं बंद केलं होतं. आता तो सावकाश बोलत होता, जड पुठ्ठा उचलावा तसा एकेक शब्द उचलून. "त्याने हरवला असेल. रागाने बाजूला ठेवला असेल. माणूस होता. मी त्याला त्या दिवशी वाटेल ते बोललो होतो. पण चाळीस वर्षं त्या माणसाने कुणाचा चिटोरा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्याच्याकडे तेवढंच होतं. ते मी माझ्या मशीनसाठी विकणार नाही. बाई, तो कागद फाडा."

काकूने त्याच्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. ती म्हणाली, आणि मी कुठे जाऊ? काका म्हणाला, माझ्याबरोबर. ती म्हणाली, तुझ्याबरोबर म्हणजे रस्त्यावर ना? दादा मध्ये पडला, काका तू भावनेच्या भरात बोलतोयस. काका म्हणाला, असेन. वकीलबाई म्हणाल्या, विचार करायला दोन दिवस आहेत. काकू रडत नव्हती. ती पलंगावरची चादर ओढून सारखी करत होती, काका बसला होता तेवढी जागा सोडून, पुन्हा पुन्हा.

मी काकाकडे पाहत होते. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की कुणाचं काही बिघडलं नाही. कागदवाल्यांचे पैसे पोचले, काकाचा कारखाना चालला, बाबांचा माझ्यावर विश्वास राहिला. एक चूक होती आणि ती कुणाच्याही अंगावर न पडता हवेत राहिली होती. आता ती बाबांच्या अंगावर होती. त्यांचा भाऊ ती त्यांची समजून, माफ करून, तिच्यासाठी स्वतःचं घर सोडायला निघाला होता. इतकी मोठी माफी, आणि ती चुकीच्या माणसाला पोचत होती. ज्याने काही केलंच नाही अशा माणसाला.

सही केली तर घर वाचेल. नाही केली आणि गप्प राहिले, तर काका आयुष्यभर भावाने असं का केलं हे विचारत राहील आणि आयुष्यभर ते सोडून देत राहील. दोन्हींत मला कुणी बोल लावणार नव्हतं.

मी पेन फाइलवर ठेवलं. ते घरंगळलं, दादाने ते पकडलं.

"काका," मी म्हणाले. "काका, बाबांनी तो अर्ज हरवला नाही. ठेवूनही दिला नाही. तो त्यांच्यापर्यंत गेलाच नाही."

काकूचे हात चादरीवर थांबले.

"मी खिडकीवर गेले नाही. रांग होती म्हणून समोरच्या वाचनालयात जाऊन वाचत बसले, आणि खिडकी बंद झाली. बाबांनी विचारलं तेव्हा दिला म्हणून सांगितलं. मुदत गेल्यावर पत्र माझ्या बॅगेत सापडलं, ते मी फाडून टाकलं. तुझं प्रकरण म्हणून बाबांनी पान कधी उघडलं नाही, नाहीतर पहिल्याच वर्षी त्यांना दिसलं असतं. जायच्या आदल्या दिवशीही ते म्हणाले, तू अर्ज दिलास ना. मी ताट पुसत होते. मी हो म्हणाले."

मी वकीलबाईंकडे वळले.

"हे लिहून घ्या. घर वाचणार नसलं तरी लिहून घ्या. याच्यावर मी सही करते."